‘तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या, गणित आपोआप येईल’? नाही येत

दर जूनमध्ये शाळा उघडल्या की एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. यंदा तो मला चार गटांवर आला, त्यातले दोन माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे. मजकुराचा सारांश असा: पूर्वीच्या पिढीचं गणित पक्कं होतं, आताच्या मुलांचं कच्चं आहे, कारण शाळांनी पाठांतर सोडलं. म्हणून घरीच शिकवा. दोन ते तीस पाढे आणि पावकी-दिडकी पाठ करून घ्या. बोटं मोजू देऊ नका. एकवीसला ‘वीस एक’ म्हणायला लावून पुस्तकाने मराठी मोडली, ते मुलाच्या कानावरही पडू देऊ नका. वजाबाकी आपल्या जुन्या रीतीनेच शिकवा, शाळेची रीत चुकीची. वेदांतलं गणित शिकवा. रोज शंभर गणितं सोडवून घ्या. आणि तुमचंच गणित कच्चं असेल, तर सरळ क्लास लावा.

मी बावीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं. आता दुसरीतल्या नातीला रोज संध्याकाळी घेऊन बसते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि त्यापायी संध्याकाळी घराघरांत मुलं रडतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहिते.

पहिलं, पूर्वीच्या पिढीचं. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८.३३ टक्के होती. ज्या आजोबांचे हिशेब आपल्याला आठवतात, ते शाळेत टिकलेले थोडे लोक होते. बाकीचे शाळेत गेलेच नाहीत, किंवा पहिली-दुसरीतच गळले. त्यांचं गणित कसं होतं, हे कुणी तपासलेलं नाही. आज जवळजवळ प्रत्येक मूल शाळेच्या पटावर आहे. या दोन गोष्टींची तुलना होत नाही.

आता पाढे. पाढ्यांच्या विरुद्ध मी कधीच नव्हते, आजही नाही. सात आठी छप्पन्न हे पटकन आठवलं नाही, तर पुढे भागाकारात मूल अडखळतं. पण पाढा गाण्यासारखा पाठ होणं वेगळं आणि पाढा येणं वेगळं. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ ही चाल सुंदर आहे, तिच्या जोरावर मूल घडाघडा दहापर्यंत जातं. त्याला मध्येच विचारा, ‘सात सक किती?’ ते मनात ‘सात एके सात’पासून सुरू करतं आणि बोटांवर त्रिक, चोक, पंचे मोजत सकपर्यंत येतं. म्हणजे गुणाकार त्याला येत नाही, कविता येते. सहा साती किती, हे त्याला पुन्हा वेगळं पाठ करावं लागतं, कारण सात ओळींत सहा-सहा पेढे आणि सहा ओळींत सात-सात पेढे सारखेच, हे त्याने कधी मांडून पाहिलेलं नसतं.

हे मांडून पाहिलं की पाठांतराचा डोंगर किती लहान होतो, बघा. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. उलटसुलट सारखे धरले की उरतात ५५. एकाचे आणि दहाचे सोडा, ते कुणालाही येतात, राहिले ३६. दोनाचे म्हणजे दुप्पट आणि पाचाचे मूल घड्याळावरून उचलतं, राहिले २१. नवाचा पाढा म्हणजे दहापट करून ती संख्या वजा करायची, म्हणजे नव सक काढताना साठातून सहा गेले चोपन्न. उरले १५. खरोखर डोक्यात बसवायचे ते एवढेच पंधरा गुणाकार. वाटाणे, बांगड्या, चौकटीची वही काहीही घ्या, ओळी मांडा, महिन्याभरात हे होतं. अकरा ते तीसचे पाढे आले तर चांगलंच आहे, पण सातवी-आठवीत लागतील तेव्हा. सतरा सक काढताना दहा सक साठ आणि सात सक बेचाळीस मिळून एकशेदोन, हे ज्या मुलाला सुचतं, त्याचं सतराच्या पाढ्यावाचून अडत नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सगळी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनची पाढ्यांसारखी कोष्टकं. ती कशासाठी होती? तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि माल शेरावर, मणावर. दीड रुपया शेर दराने सात शेर घेतले तर किती, हे दुकानदाराला कागद न घेता सांगावं लागे. दिडकी पाठ असली की साडेदहा रुपये लगेच तोंडावर येत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले, आणि या कोष्टकांचं रोजचं काम संपत गेलं. ती त्या काळाची हत्यारं होती. मुलांची स्मरणशक्ती वाढवण्यासाठी कुणी रचलेली नव्हती.

त्यातलं एक धन मात्र घरात अजून जिवंत आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. मराठी मूल शाळेत जाण्याआधी ‘अडीच’ ऐकतं, ‘सव्वा’ ऐकतं, ‘पावणेदोन’ ऐकतं. अपूर्णांकांना इतके सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहेत. दीडशे म्हणजे किती, अडीचशे म्हणजे किती, पावणेदोन किलो कांदे म्हणजे किती ग्रॅम, असं नातीला भाजी आणताना विचारलं की पावकीचं मर्म तिच्या हातात येतं, कोष्टक पाठ न करता.

बोटांचं सांगायचं तर, मुलांनी बोटं मोजावीत. आपल्याकडे तर बोटांची पेरं मोजतात. अंगठा चार बोटांच्या तीन-तीन पेरांवरून फिरवला की एका हातावर बारा होतात, आणि आजही कितीतरी बायका असाच हिशेब करतात. सहा वर्षांच्या मुलाला संख्या हवेत धरता येत नाही, ती कुठेतरी दिसावी लागते. हातावर थप्पड मारून बोटं थांबवली की मूल ती पाठीमागे किंवा बाकाखाली मोजतं, एवढाच फरक पडतो. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. बोटं सुटतात ती पुढची युक्ती सापडली की. सात आणि पाच, तर साताला दहा व्हायला तीन हवेत, पाचातले तीन दिले, दोन उरले, बारा. अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा दहा घरं आखलेल्या कागदावर चिंचोके ठेवून हे आठवडाभर केलं की बोटं आपोआप खाली येतात.

‘वीस एक’वर मला जास्त लिहायचं आहे, कारण त्यावर सर्वांत जास्त राग आहे आणि सर्वांत कमी वाचन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्व्याण्णवच्या संख्यांची दोन नावं दिली गेली. एकवीस आणि वीस एक. सत्तावीस आणि वीस सात. दोन्ही. जुनं नाव काढून टाकलं, असं मजकुरात आहे ते खरं नाही. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. २०२३ साली त्या गेल्या. गणितात आयुष्य घातलेल्या आणि मुलांसाठी मराठीत लिहिणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांच्यावर मराठी बुडवल्याचा आरोप झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

अडचण काय होती, ते वर्गात उभं राहिल्यावर कळतं. मी फळ्याशी उभी राहून म्हणायची, ‘लिहा, त्रेपन्न.’ निम्मा वर्ग ३५ लिहायचा. कानावर आधी तीन आला, म्हणून हाताने आधी तीन लिहिला. पंचवीस सांगितलं की ५२. एकोणसाठ सांगितलं की ६९, कारण नऊ लिहायचा एवढं लक्षात राहिलेलं आणि कानात साठ. या चुका हुशार मुलंही करतात, कारण आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी. वर त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी अशी जोडाक्षरांनी भरलेली नावं. त्यात एकोणीस ते एकोणनव्वद ‘एकाने कमी’ म्हणायचं आणि नव्व्याण्णवला मात्र एकोणशंभर म्हणायचं नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांच्या वहीतही अशाच उलट्या संख्या सापडतात. शेजारच्या कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, म्हणजे वीस-एक. तेलुगूत इरवै ओकटि, तेही वीस-एक. तिथली मुलं जसं बोलतात तसंच लिहितात.

‘वीस एक’ हा नदी ओलांडताना ठेवलेला दगड आहे. मूल त्रेपन्न ऐकतं, मनात ‘पन्नास तीन’ म्हणतं, ५३ लिहितं. काही महिन्यांनी मधला दगड लागत नाही. आणि मराठी मोडली म्हणणाऱ्यांना माझ्या आजीची आठवण सांगते. ती कधी शाळेत गेली नाही. कोंबड्यांची अंडी मोजताना ती म्हणायची, ‘दोन इसा आन पाच.’ म्हणजे पंचेचाळीस. पाच इसांचा शंभर. आधी मोठा गठ्ठा, मग सुटे. तिची मराठी कुणी मोडकी म्हणून दाखवावी. घरी नातीला मी दोन्ही नावं म्हणायला लावते आणि शेजारी काड्यांचे गठ्ठे ठेवते. पाच गठ्ठे, तीन सुट्या काड्या.

वजाबाकीवरून घरात रोज भांडण होतं. ५२ मधून २७ वजा करायचे. आजोबा सांगतात, ‘दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर पंचवीस.’ शाळेत सांगतात, पाच दशकांतला एक सुटा करा, बारातून सात गेले पाच, उरलेल्या चार दशकांतून दोन गेले दोन, पंचवीस. दोन्ही रीती बरोबर आहेत. आजोबांच्या रीतीत दोन्ही संख्यांत दहा मिळवले जातात, ५२ च्या जागी ६२ आणि २७ च्या जागी ३७, म्हणून फरक तोच राहतो. पण हे आजोबांना कुणी सांगितलेलं नसतं आणि तेही मुलाला सांगत नाहीत, फक्त ‘हातचा एक’ म्हणतात. शाळेची रीत काड्या सोडून दाखवता येते, दहाचा गठ्ठा उघडला की बारा काड्या समोर पडतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला हेच दिसायला हवं. प्रथम संस्थेच्या ‘असर २०२४’ अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांनाच निदान अशी वजाबाकी जमली. अशा वेळी मुलाला घरी एक आणि शाळेत दुसरी रीत शिकवून गोंधळात टाकू नका. शाळेत चालू आहे ती पक्की होऊ द्या, मग आजोबांची दाखवा आणि दोन्हींचं उत्तर एक का येतं, ते त्याला शोधू द्या.

वेदांतल्या गणिताबद्दल थोडक्यात. या नावाचं पुस्तक पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं. ते १९६० साली गेले आणि पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झालं. त्यातली सोळा सूत्रं अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, हे त्या पुस्तकाच्या संपादकांनीच नमूद केलं आहे. युक्त्या छान आहेत. ९८ गुणिले ९७ करताना शंभरातून दोन कमी, तीन कमी, म्हणून ९५ आणि पुढे दोन त्रिक ०६, उत्तर ९५०६. सातवीतल्या मुलाला हे असं का होतं, ते समजून घ्यायला मजा येते. दुसरीतल्या मुलाला दशक-एकक कळण्याआधी हे शिकवलं तर ती जादू राहते, आणि ४७ गुणिले ६८ समोर आलं की ती जादू कामाला येत नाही.

रोज शंभर गणितं. ज्याला येतं त्याला पहिल्या दहांनंतर कंटाळा येतो, आणि ज्याचं चुकतं त्याची तीच चूक शंभर वेळा घटवली जाते. सराव हवाच, पण ज्यात मुलाला पुढे काय होतंय याची उत्सुकता राहील असा. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत जगाला दाखवली. तिचं तीन अंकी भावंड घरी करून बघा. कुठलेही तीन अंक घ्या, तिन्ही सारखे नकोत. मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करा. ७२१ वजा १२७, आले ५९४. पुन्हा ९५४ वजा ४५९, आले ४९५. आता ४९५ चंच करा, पुन्हा ४९५. कुठूनही सुरू करा, सहा पायऱ्यांच्या आत तिथेच येता. नात एका बैठकीत आठ-नऊ हातच्यांच्या वजाबाक्या आपणहून करते, आणि ४९५ आलं नाही तर चूक कुठे झाली, ते तीच मागे जाऊन शोधते.

‘दुकानात पाठवा, पुस्तकाची गरज नाही,’ असंही कुणी खाली जोडलेलं असतं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं गिऱ्हाईकाचा अवघड हिशेब तोंडी बिनचूक करत. तेच शाळेच्या रीतीने कागदावर मांडून दिलं की बहुतेकांना जमत नसे. आणि बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांपैकी बहुतेकांना बाजारातला हिशेब जमत नसे. दुकानातून आल्यावर तोच हिशेब वहीत मांडून घ्या, आणि वहीतलं गणित आलं की त्याला पैसे देऊन दुकानात पाठवा. हे पाच मिनिटांचं काम घरीच होऊ शकतं, कारण दुकान आणि वही दोन्हीकडे मुलाबरोबर असणारा माणूस घरातलाच असतो.

राहता राहिले ते आईवडील ज्यांना वाटतं, आपलंच गणित कच्चं, आपण काय शिकवणार. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई सातवी शिकलेली. तिने मला विचारलं होतं, ‘बाई, मला तर भागाकारही नीट येत न्हाई, मी काय करू?’ मी तिला एक प्रश्न दिला. मुलाने उत्तर काढलं की, ते बरोबर असो वा चूक, ‘कसं काढलंस रे?’ एवढं विचारायचं आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं. चूक सांगायची घाई करायची नाही. ती रोज भाकऱ्या करता करता विचारायची. सांगता सांगता तो मुलगा अर्ध्यातच थांबायचा आणि म्हणायचा, ‘थांब आई, इथं चुकलंय.’ दिवाळीपर्यंत तिला दशक-एकक समजले होते, त्याच्याकडूनच.