फाशीच्या आधीचे ७२ तास

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान पोरींवर अत्याचाराचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसती फाशी चालू होती. भरचौकात फाशी, टीव्हीवर लाइव्ह फाशी, मामांनी तर हातपाय तोडण्यापर्यंत नेलं, आणि सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला तेव्हा कोणीतरी पेढ्यांचा फोटो टाकला. मी इकडे मँचेस्टरमध्ये लेट शिफ्ट करून आलेली, सोफ्यावर बसून वाचून राहिली. शेवटी एकच विचारलं, की उद्या आपल्या नागपूरच्या नंदनवनात एखाद्या पोरीवर असं झालं तर त्याच रात्री तिला कुठं न्यायचं, कोणाला भेटायचं, काय मागायचं, हे कोणाला माहीत आहे का?

ग्रुप चिडीचूप. मग आत्याचा गुड मॉर्निंग आला, गुलाबाचा.

मी फार्मसीत काम करते, त्यामुळे माझं डोकं आधी औषधाकडंच जातं. एचआयव्ही होऊ नये म्हणून पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, मग २८ दिवस रोज. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी, तीही जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस बीची लस, जखमा, इन्फेक्शन, आणि त्यानंतर महिनोनमहिने झोप न लागणं, दार वाजलं की दचकणं, हे सगळं आजारपणच आहे ना बाप्पा, ते काही कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात ३ पैकी १ बाईनं आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, आणि करणारा बहुतेक वेळा नवरा नाहीतर जोडीदार. ३ पैकी १ बाईला शुगर असती तर आपण बर्डीच्या बाजारात तपासणीचे मंडप टाकले असते.

आणि आपल्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आहे की हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली ना कोणाला सांगितलं. त्यांच्यासाठी फाशी काय कामाची? त्या ठाण्याची पायरीच चढत नाहीत. दवाखान्यात मात्र येतात, कंबर दुखते म्हणून, पाळी चुकली म्हणून, हात मोडला म्हणून.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट. इथल्या मिडवाइफनं नवऱ्याला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, घरी भीती वाटते का, कोणी मारतं का, मनाविरुद्ध जबरदस्ती करतं का? मला इतका राग आला! आमच्या घरात? मी एवढ्या घाईनं नाही नाही म्हटलं की ती हसली, म्हणाली मी सगळ्यांनाच विचारते. नंतर लघवीचं सँपल द्यायला गेली तर संडासाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला, बोलता येत नसेल तर बाटलीला हा लाल ठिपका लावा. खाली ठिपक्यांचा कागद. वरच्या ओळीतले दोन ठिपके निघालेले होते.

तिथं उभ्या उभ्या मला आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू आठवल्या. मी आठवीत असेल, आईनं थर्मास देऊन त्यांच्यासोबत डॉक्टरकडं पाठवलं होतं. हात मोडलेला, वर्षात दुसऱ्यांदा. डॉक्टर विचारत काकूंना होते आणि उत्तरं काका देत होते, "बाथरूममध्ये पडली जी." प्लास्टर झालं. जाताना डॉक्टर म्हणाले, काकू, आता घसरू नका. काका हसले. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता, पण काकांना दोन मिनिटं बाहेर बसवायचं असतं हे त्याला कोणी शिकवलंच नसेल.

इकडे स्वर्ग आहे असं अजिबात नाही हां. बलात्काराच्या केसेस कोर्टात उभ्या राहायला वर्षं लागतात, आणि २०२१ मध्ये लंडनला ड्युटीवरच्या नाही पण नोकरीतल्या पोलिसानंच घरी चाललेल्या बाईला पळवून मारलं. पण आमच्या मँचेस्टरात १९८६ पासून सेंट मेरीज म्हणून एक सेंटर आहे, तिथं पोलिसात न जाताही तपासणी होते, औषध मिळतं, नमुने जपून ठेवतात, तक्रार करायची का ते बाईनं सावकाश ठरवावं.

हे ग्रुपवर लिहिलं तर मामा म्हणे हे फॉरेनचे चोचले. काहून चोचले? ही सगळी लढाई विदर्भातूनच तर उभी राहिली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर पोलिसांनीच अत्याचार केला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगावर जखमा नाहीत वगैरे म्हणत सोडून दिलं. त्यावर देश पेटला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आणि नागपूरहून गाडीनं दीड-दोन तासांवरच्या सेवाग्रामच्या फॉरेन्सिकचे डॉक्टर इंद्रजित खांडेकर, त्यांनी दवाखान्यांत बलात्कार पीडितांची तपासणी किती वाईट पद्धतीनं होते यावर रिपोर्ट लिहिला, त्यावरून याच खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं नियमावली काढली, बाईला संबंधांची सवय आहे का ते बघायची ती घाणेरडी दोन बोटांची टेस्ट बंद करा म्हणून. २०१३ पासून कायद्यात तर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्यानं फुकट उपचार द्यायचे, नाही दिले तर वर्षभर कैद होऊ शकते, असं स्पष्ट आहे. पोरगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं, तो भाग वेगळा. बायकांसाठी १८१ ची हेल्पलाइन आहे, आणि उपचार, पोलीस, वकील अशी सगळी मदत एका जागी मिळावी म्हणून "सखी" सेंटरची योजना २०१५ पासूनची. आमच्या ग्रुपवर १८१ फक्त एका वहिनीला माहीत होता, ती अंगणवाडीत आहे.

मामांनी अंगठा टाकला आणि विषय ऊन आणि कूलरकडं गेला.

रात्री ग्रुपमधल्याच एकीचा वेगळा मेसेज आला, नातं मुद्दाम लिहीत नाही. "ताई, ते ७२ तासांचं लग्न झालेल्या बाईलाही चालते का?" आपल्याकडं नवऱ्यानं केलं तर कायदा त्याला बलात्कार म्हणतच नाही, इथंही १९९१ पर्यंत तसंच होतं, हे सगळं मी टाइप केलं आणि खोडलं. मग लिहिलं, हो चालते, किती तास झाले?

निळ्या टिका लगेच आल्या. टायपिंग, टायपिंग, मग ऑफलाइन.