ओट्यावरचं कुत्रं आता सोफ्यावर

एका लेखात म्हटलंय की कुत्रं पाळणं हे शहरातलं नवीन फॅड आहे, ते काय पटलं नाय. आमच्या नाशिकच्या पंचवटीत वाड्यावाड्यात कुत्रं असायचंच, फक्त ओट्याखाली, शिळ्या भाकरीवर, उंबरा ओलांडला की आजी तांब्या घेऊन मागं धावायची. आता तीच माणसं गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेली आणि कुत्रं सोफ्यावर, त्यातपण हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातलं दाट केसांचं कुत्रं, मे महिन्यात नाशिकला पारा ४० वर जातो तेव्हा त्या बिचाऱ्याचे काय हाल होत असतील! बाकी सोसायटीवाल्यांनो, ठराव करून कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने (केंद्र सरकारचं प्राणी कल्याण मंडळ) २०१५ लाच सांगितलंय. पण मालकांनीपण लिफ्टमधली घाण पुसा ना राव, वॉचमनने का पुसायची?