वरची, मधली आणि तळची

साडू अमेरिकेत जरूर असावा, पण त्याच्या तळघरात बिअर नसावी, या मताला मी आलो आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी पोचलो त्याच संध्याकाळी "चला खाली" झालं. वॉशिंग मशीनशेजारी १९ लिटरचं पिंप, आत घरची बिअर. आणि चक्क कायदेशीर! १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर बिअर करायची मोकळीक मिळाली. आम्ही पुण्याचे, आमच्याकडे कायद्याने प्यायलासुद्धा परवाना लागतो. आकडा ऐकूनच माझ्या जिवात जीव आला.

साडूंना मात्र बिअर प्यायची नव्हती, तपासायची होती. आंबण्याचा जोर ओसरला की यीस्ट, हॉप्स या कडवट फुलांचा चोथा, धान्यातली प्रथिनं, सगळा गाळ तळाशी बसतो. मग वरची, मधली आणि तळची बिअर चवीला वेगळी लागते का? लांब नळीने तिन्ही थरांतले नमुने निघाले. नळी, पेले आणि जवळजवळ मीही जंतुनाशकात बुचकळून झालो. मला शिंक आली तेव्हा साडूंनी आधी पिंप झाकलं.

पेले लाल प्लॅस्टिकचे, आतला रंग दिसू नये म्हणून. तीन पेले, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी ओळखायची. ही ट्रँगल टेस्ट. पेल्यांवर ४१७, ८६२, २९५ असले आकडे, कारण अ-ब-क लिहिलं तर माणूस म्हणे 'अ'ला झुकतं माप देतो. प्रत्येकात दोन घोट. बाटलीत भरण्याआधीची बिअर, त्यामुळे ना गार, ना फसफसणारी. निव्वळ काडेचिराईताचा काढा!

"४१७," मी म्हणालो.

"बरोबर. पण त्याने काही सिद्ध होत नाही. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनांत एकदा बरोबर येतंच."

पुढच्या खेपेला चुकलो. त्यानेही काही सिद्ध झालं नाही. २० जणांनी चाखून निदान ११ जण बरोबर निघाले, तर कुठे तोंड उघडता येतं. म्हणून रविवारी मराठी मंडळातली माणसं तळघरात रांगेने उभी. बिअर म्हणून बोलावलेली, मिळाले दोन घोट. एका काकांनी हळूच चकलीची चौकशी केली, तर जीभ बिघडते म्हणून त्यांच्या हातात चूळ भरायला पाणी दिलं.

अकरा काही झाले नाहीत.

"म्हणजे फरक नाही तर," मी सुटकेने म्हणालो.

"तसं नाही म्हणता येत. फरक सापडला नाही, एवढंच."

तळच्या पेल्यातल्या यीस्टने मात्र त्या रात्री माझ्या पोटात असा काही धिंगाणा घातला की मला तरी फरक सापडला. हे निरीक्षण साडूंनी वहीत घेतलं नाही.

सोमवारी सगळी बिअर साखर घालून बाटल्यांत भरली. "आता खरी मजा," साडू म्हणाले. "दोन आठवड्यांत काय फेस येतो बघा!"

आमचं विमान बुधवारी होतं.