एमसीबी आहे म्हणून बिनधास्त राहू नका

पाऊस सुरू झाला की तो मेसेज फिरायला लागतो, यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला. त्यात म्हटलंय की घरात एमसीबी (बोर्डातला, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर शॉक नाही की आग नाही, फ्रिजला हलका करंट येणं, लाइट कमीजास्त होणं हे पावसाळ्यात चालायचंच, एमसीबी सारखा पडत असेल तर मोठ्या अँपिअरचा बसवा, आणि वायरमन उगाच घाबरवून खर्चात पाडतात. खाली लोकांनी अंगठे टाकलेत म्हणून लिहितेय, कारण यातल्या एक-दोन गोष्टी सोडल्या तर सगळं चुकीचं आहे आणि काही तर जीवावर बेतणारं आहे.

आधी शॉकचं. अहो एमसीबीला माणूस कळतच नाही, त्याला फक्त जास्तीचा करंट कळतो. १६ चा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत गप्प बसणार, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट भलतीकडे गळाला तरी लाइन तोडणारा स्विच, घरात ३० मिलिअँपिअरचा लावतात, त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. तुमच्या बोर्डात असं बटण कुठेच नसेल तर तो बसवलेलाच नाही असं समजा.

आगीचं तर मी घरात बघितलंय. आमचा गिझर २ किलोवॅटचा, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर, त्याला एमसीबी १६ चा. आठवडाभर रोज सकाळी पॅसेजमध्ये सुकट भाजल्यासारखा वास यायचा, मला वाटलं खालच्या काकूंकडून येतोय. एक दिवस बटण बंद करून प्लग काढायला गेले तर हाताला चटकाच बसला, एक पिन काळीनिळी, सॉकेटचं भोक तपकिरी होऊन लांबट झालेलं. वायरमनदादांनी पॉइंट उघडला तर आत न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा, स्क्रू ढिला, आणि वायरचं वरचं प्लॅस्टिक पापडासारखं कडक होऊन बोट लावलं की तुकडे पडत होते. एवढं होऊन एमसीबी एकदाही पडला नव्हता. पडणार कसा, ढिल्या जोडावर उष्णता तयार होते पण करंट वाढत नाही, तो पावणेनऊच राहतो. तेव्हा मासळीसारखा वास, गरम स्विच, बटणातून चर्रचर्र, सॉकेटभोवती पिवळट डाग, यातलं काहीही दिसलं तर एमसीबी पडायची वाट बघू नका, तो पॉइंट वापरणं थांबवा.

मोठा एमसीबी बसवा हे वाचून तर मला घामच फुटला. एमसीबी भिंतीतल्या वायरीला सांभाळायला असतो, दीड एमएमच्या वायरीवर ३२ चा लावलात तर आधी वायर जळेल, मग कदाचित तो पडेल. सारखा पडतोय तर त्या लाइनवरचं सगळं बंद करून एकेक चालू करा, कशाने पडतोय ते कळतं. काहीच चालू नसताना पडत असेल तर दोष एमसीबीत किंवा वायरिंगमध्ये, मग वायरमनच बोलवा.

हलका करंट म्हणजे फ्रिजला, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या. हे पावसाळ्याचं नाही, अर्थिंग नसल्याचं किंवा आत कुठेतरी लीकेज, म्हणजे करंट गळत असल्याचं लक्षण आहे, चप्पल घालून फ्रिज उघडणं हा उपाय नव्हे. काही ठिकाणी सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात, मग न्यूट्रल तुटला की मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट. आणि ओल्या भिंतीमुळे आरसीसीबी पडतो म्हणून तो बायपास करून घेणारी घरं मला माहीत आहेत, कृपा करून असं करू नका, तो तेव्हा त्याचं कामच करत असतो. गॅलरीतली कपडे वाळत घालायची तारही बघा, ती कुठल्या वायरीला घासत नाही ना.

लाइट कमीजास्त होण्याबद्दल मेसेज थोडा बरोबर आहे. पंप किंवा फ्रिज सुरू होताना दिवा क्षणभर मंद झाला तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं. पण दुसरं काही लावल्यावर दिवा जास्त प्रखर होत असेल तर न्यूट्रल ढिला असू शकतो, आणि थ्री फेजच्या बिल्डिंगमध्ये तो तुटला तर एखाद्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतात, टीव्ही-फ्रिज सगळं जातं. अशा वेळी मेन बंद करायचा, शेजाऱ्यांकडेही तसंच होतंय का विचारायचं, होत असेल तर महावितरणला १९१२ वर सांगायचं.

राहिलं वायरमनचं. माझ्याकडे नवीन सॉकेट, नवीन प्लग आणि वीतभर वायर बदलली, अर्ध्या तासाचं काम होतं.