नाताळगीत की वीजबिल?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन वाजला की आमच्या घरात तो उचलायला कुणी धजत नाही. बायको म्हणते, "अहो, तुमचा आहे." मी म्हणतो, "महिला मंडळाचं काही असेल, तूच घे." मुलगा कानात इअरफोन खुपसून आधीच परागंदा झालेला असतो. रिंग थांबते, आम्ही सुटकेचा श्वास सोडतो आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजते, कारण पाळकसाहेब बिल्डिंगच्या खाली उभे राहूनच फोन लावत असतात. "सलाम, सलाम! घरीच आहात होय? म्हटलं, एक छोटंसं काम होतं."

आमची मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, वास्कोतली. नगर, सोलापूर, जालना, कोल्हापूरकडून कुणी बंदरात, कुणी नौदलात, कुणी शिपयार्डात नोकरीला आलं, इथंच रुळलं आणि रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मराठीतून उपासना करू लागलं. आमच्याकडे पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत आणि तरुण संघाने हट्टाने घ्यायला लावलेला एक कीबोर्ड आहे, ज्याची एक पट्टी दमट हवेत दाबली की वर यायचं नाव घेत नाही. गोव्यात ख्रिस्ती असणं नवलाचं नाही आणि मराठी असणंही नाही, पण दोन्ही एकदम म्हटलं की समोरचा माणूस जरा थांबतो. "म्हणजे नाताळला भजन? तबल्यावर?" मग मला चेव येतो. मी सांगतो की फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली इथंच, सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, "पण वाईन असते ना?"

गोव्यातला डिसेंबर नोव्हेंबरातच सुरू होतो. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, ३ डिसेंबरला फेस्त, ८ तारखेला पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चचं फेस्त. ही सगळी कॅथलिकांची. आम्ही प्रोटेस्टंट, आम्हाला त्यातलं काही लागू नाही, फक्त ट्रॅफिक लागू आहे. मग पर्यटक उतरतात आणि काळ्या पाटीच्या भाड्याच्या स्कूटर मोबाइलकडे बघत बघत आपल्या अंगावर येतात. आणि १९ तारखेला मुक्तिदिनाची सुट्टी. गोवा १९६१ साली मुक्त झाला, आम्ही मात्र दर १९ डिसेंबरला सकाळी नऊपासून प्रॅक्टिसला डांबलेले असतो. "सगळ्यांना सुट्टीच आहे ना," असं कमिटीत कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो.

यंदा माझ्याकडे दोन कामं आली. एक, मुलांच्या नाटिकेचा पोशाख. दोन, कॅरल राउंडला सांताक्लॉज. दुसऱ्या कामासाठी निवडणूक झाली नाही. सगळ्यांनी एकदम माझ्या पोटाकडे पाहिलं.

पोशाखाबद्दल सांगायलाच हवं. बेथलेहेमचे मेंढपाळ दोन हजार वर्षांपूर्वी डोक्याला काय बांधत होते हे देवाला ठाऊक, आमच्या मंडळीत ते टर्किश टॉवेल बांधतात. प्रत्येक आईला वाटतं दुसरी आई जुना टॉवेल देईल, म्हणून सगळ्या नवे देतात आणि नाटिकेनंतर ते ओळखता येत नाहीत. गेल्या वर्षीचा आमचा निळा टॉवेल अजून सड्यावरच्या एका बाल्कनीत वाळत असतो. मी येता-जाता पाहतो. बोलत नाही, कारण प्रीती सहनशील आहे असं आमच्या दिवाणखान्यातल्याच तसबिरीत लिहिलंय.

खरा पेच मागी लोकांचा, म्हणजे बाळ येशूला नजराणे घेऊन पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा. मरीया एकच, योसेफ एकच, हेरोद राजा व्हायला सगळे तयार आणि उरलेल्या प्रत्येक मुलाला मागी व्हायचं. कारण मुकुट. "तीनच असतात," असं सांगून पाहिलं तर एक आजोबा शुभवर्तमान घेऊनच उभे राहिले. मत्तयाने आकडा दिलेलाच नाही! नजराणे तीन, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून लोकांनी माणसं तीन धरली. पाळकसाहेबांनाही मान्य करावं लागलं. त्या क्षणी मंडळीतले सगळे तंटे मिटले आणि पूर्वेकडून मागी लोकांची अख्खी मिरवणूक आली. सोने म्हणजे चॉकलेटचा चकचकीत कागद, ऊद म्हणजे अगरबत्तीचा पुडा आणि गंधरस म्हणजे कुणाच्या तरी आजीच्या केसांच्या तेलाची बाटली, जिचं बूच नाटिकेत निघालं आणि बाळ येशूच्या पायाशी खोबरेल सांडलं. माहात्म्याच्या दृष्टीने चाललं असतं. फरशीच्या दृष्टीने नाही. हेरोद घसरला.

याच काळात सेवा उपसमितीचं ब्लँकेटवाटप असतं. नगरकडे डिसेंबरात हाडं गोठतात, तेव्हा गरिबाला ब्लँकेट देणं हे पुण्य आमच्या हाडीमाशी भिनलंय. ते आम्ही घाट उतरून इकडेही आणलं. गोव्यात डिसेंबरातल्या रात्री पारा साधारण २० अंशांवर रेंगाळतो. तरी दरवर्षी आम्ही खारीवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरवरच्या खलाशांना लोकरी ब्लँकेटं देतो. ही पोरं ओडिशा, झारखंडकडची, गावी सणाला न जाता इथं जाळी ओढणारी. ब्लँकेट द्यायला पाच मिनिटं लागतात, बॅनर धरून फोटो काढायला अर्धा तास. "बॅनर वर घ्या, वचन झाकतंय!" "कोषाध्यक्षांना मध्ये घ्या!" यंदा एका पोराने फोटो होईपर्यंत ब्लँकेट छातीशी धरलं आणि मग हळूच विचारलं, "साहब, कंबल तो पिछले साल का भी है. मच्छरदानी मिलेगी क्या?" त्याने बोट दाखवलं. गेल्या वर्षीची आमची ब्लँकेटं केबिनला पडदे म्हणून लावली होती. उन्हासाठी. वचनाचं स्टिकर बाहेरच्या बाजूला.

आमच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे "विचार करू" म्हटलं. कमिटीच्या भाषेत हे नाही आणि हो यांच्या मधलं फार विस्तीर्ण पठार आहे.

घरी आलो तर बायको करंज्यांच्या चौथ्या घाण्यावर होती. शेजारच्या आंटीने कोन्सवादीचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट पाठवलं होतं: नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. आंटीची मुलं इंग्लंडात स्विंडनला. ती एकटी राहते आणि पुऱ्या वाड्याला पुरेल एवढं करते. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्ही बाजूंना असल्यामुळे आमची करंजी तिकडे जाते, त्यांची नेवरी इकडे येते आणि दोन्ही घरांत शेवटी एकच पदार्थ उरतो. "कितें रे, इतलो थकलो?" आंटीने दारातूनच विचारलं. "बस मरे मातसो." मी बसलो. बायकोने लाटणं हातात घेऊनच माझ्याकडे पाहिलं आणि मी उठलो.

अशा वेळी मला मार्था आठवते. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू तिच्या घरी येतो, ती बिचारी स्वयंपाकात बुडालेली आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत असते. मार्था तक्रार करते आणि बोल तिलाच लागतात. दर डिसेंबरात यावर उपदेश होतो. दर डिसेंबरात उपदेश संपताच "भगिनींनी चहाकडे बघावं" अशी सूचना होते. त्या दिवशी जेवणाचं पुढे काय झालं यावर लूक गप्प आहे. मी मार्थेच्या पक्षाचा आहे, निदान डिसेंबरपुरता.

पौलाने गलतीकरांना लिहिलंय की चांगलं करताना कंटाळू नका. सहावा अध्याय, नववी ओळ. मानलं. पण त्याच अध्यायात दुसरी ओळ म्हणते एकमेकांची ओझी वाहा आणि पाचवी म्हणते प्रत्येकाने आपापला भार वाहावा. आमच्या कमिटीत दोन्ही वचनांचे गट आहेत. काम सांगणारे दुसऱ्या ओळीचे, काम टाळणारे पाचव्या ओळीचे. नवव्या ओळीवर माझ्यासारखे उरतात.

कॅरल राउंडच्या रात्री भाड्याच्या पिकअपमध्ये पेटी, तबला, मुलं आणि मी असे बायण्याहून निघालो. सांताचा पोशाख पॉलिएस्टरचा. गोव्याची दमट हवा. कापसाची दाढी घामाने एका बाजूने सुटून कानाला लोंबत होती. रात्री १० नंतर भोंगा बंद, म्हणून घाई. घरोघरी तीच तीन गाणी, तोच केक, तोच चहा, तीच प्रार्थना. मांगोर हिलच्या चढावर पिकअप दमली, तेव्हा खाली उतरून ढकलणाऱ्यांत लाल टोपीवाला मी एकटाच प्रौढ होतो. रस्त्याने जाणाऱ्या पर्यटकांनी थांबून व्हिडिओ काढला. ढकललं कुणी नाही.

यादीत शेवटचं नाव बंदरातून निवृत्त झालेल्या सोलापूरच्या काकांचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, काका दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. मुलं म्हणाली, खालूनच गाऊ, त्यांना ऐकू जाईल. मला ते मनापासून पटलं. पण पेटीवाला आधीच पायऱ्या चढू लागला होता, त्याला नाही म्हणणार कोण?

खोलीत ट्यूबलाइट, औषधांचा वास, खिडकीत कागदी नखेत्र, म्हणजे नाताळची चांदणी. आम्ही पलंगाभोवती उभे राहिलो आणि सबंध रात्र गायलो तसं गायलो. एक कडवं गाळलं, कारण सगळ्याच घरी गाळत आलो होतो. गाणं संपलं. काकांनी डोळे उघडले.

"काय रे, नाताळगीत म्हणताय की वीजबिल भरताय?"

कुणी हललं नाही.

"तिसरं कडवं कुठाय? आणि तबला. तबला कोण वाजवतोय? ठेका पुढं पळतोय, तू मागं. पुन्हा म्हणा."

हे काका एके काळी कीर्तनाला साथ करायचे हे कुणीतरी माझ्या कानात पुटपुटलं. पुन्हा म्हटलं. पहिल्या ओळीवरच त्यांनी हात वर केला. पट्टी खाली घ्या, ही पोरांची पट्टी आहे, बापयांची नाही. पुन्हा. यावेळी त्यांनी गादीवर बोटांनी ठेका धरला आणि आमचा तबलजी, जो रात्रभर जांभया देत होता, त्या बोटांकडे बघून वाजवू लागला. तिसरं कडवं मुलांना येत नव्हतं. काकांनी सांगितलं, ओळीओळीने, दम घेत. आम्ही मागून म्हटलं. अख्ख्या डिसेंबरात आमचं गाणं कुणी ऐकलं असेल तर ते पहिल्यांदा तिथं. बाकी घरांनी केक दिला होता.

मुलं उतरू लागली. मी दाढी सावरत वळलो, तर काका म्हणाले, "सांताबाबा, तुम्ही थांबा. नखं कापता का?"

त्यांचा सांभाळ करणारा मुलगा सणाला गावी गेला होता आणि सून दुपारपासून बघत होती, पण तिच्या हाताने घरातला नेलकटर दबत नव्हता. पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं, आतल्या बाजूला वळलेलं. मी चष्मा लावला. दाढी पुढे येऊन नेलकटरमध्ये सापडत होती, म्हणून ती काढून पलंगाच्या दांडीला अडकवली. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवल्यावर नख जरा नरम आलं. एकेक कोपरा हळूहळू, मांसात घुसू न देता. काका वर छताकडे बघून तबल्याचे बोल पुटपुटत होते आणि मध्येच म्हणत, "हां, आता डावा." घाम टपटपत होता, पाठ भरून आली होती, खाली पिकअपचा हॉर्न वाजत होता. आश्चर्य म्हणजे मला घाई नव्हती. सबंध महिन्यात हे एकच काम असं होतं, ज्याच्या फोटोला मी फ्रेममध्ये यावं असं कुणाला वाटलं नाही.

पाळकसाहेब मला शोधत वर आले ते तेवढ्यात. दारातच थबकले. त्यांचे डोळे चमकले. येशू शिष्यांचे पाय धुतो तो योहानाचा तेरावा अध्याय त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला.

"साहेब," मी नेलकटर धरूनच हात जोडले, "पाया पडतो, यावर उपदेश नको."

"नाही नाही," ते म्हणाले आणि रविवारी केलाच. माझं नाव घेतलं नाही, "लाल टोपीतला एक बंधू" म्हणाले. अख्खी मंडळी मागे वळून माझ्या पोटाकडे बघत होती.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी 'विचार करू' या पठारावरून चक्क खाली उतरून पुढच्या वर्षी मच्छरदाण्या असा ठराव मांडला. मंजूर झाला. बॅनरचा आकार कमी करण्याचा ठराव मात्र फेटाळला गेला. मग मी नव्या मोठ्या नेलकटरचं बिल पुढे केलं, कारण काकांचा निरोप आला होता की आता हातांची पाळी आणि येताना तबलजीला घेऊन या. कोषाध्यक्षांनी बिल उलटसुलट पाहिलं.

"हे सेवा खात्यात टाकायचं का?"

दुसऱ्या ओळीचा गट म्हणाला, टाका. पाचव्या ओळीचा गट म्हणाला, ज्याचं त्याने भरावं. चर्चा तासभर चालली, चहा दोनदा झाला आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. पैसे अजून मिळालेले नाहीत. तबलजी मात्र दर शनिवारी न बोलावता काकांकडे जातो आणि शिव्या खाऊन येतो.