१२५ मेगावॉट म्हणजे नक्की किती वीज?

नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर अण्णांनी विषय काढला आणि चहा तसाच निवला. "साक्रीचा सौर प्रकल्प १२५ मेगावॉटचा, २०१३ पासून चालू. आपल्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात २१० चे तीन संच. म्हणजे पाच साक्री उभ्या केल्या की एकलहरे बंद? सौर प्रकल्पाची वर्षभराची वीज मोजा, क्षमतेच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरते. लोकांना सरळ फसवतात!"

मास्तर उसळले. "अहो, त्या हिशेबात वर्षाचे सगळे ८,७६० तास धरतात, रात्रीसकट! सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं, पावसाळ्यात ढग. सीयूएफ, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज वर्षभरात निघाली तो आकडा, १८-२० आला तर त्यात फसवणूक कसली?"

"मग प्रकल्प नीट चाललाय की नाही, ते कळायचं कशावरून?"

उत्तर निफाडच्या बापूने दिलं. "एकरी माल किती निघाला एवढ्यावरून माझी बाग जोखाल का? त्या साली पाऊस कसा झाला, तेही विचाराल ना?"

नेमकं बोलला. जेवढं ऊन पॅनेलवर पडलं, त्यातून जेवढी वीज निघायला हवी होती, त्यापैकी प्रत्यक्षात किती निघाली, हा पीआर, म्हणजे परफॉर्मन्स रेशो. चांगल्या प्रकल्पात तो साधारण ७५ ते ८५ टक्के असतो. बाकीची वीज गळते उष्णतेत, धुळीत, तारांत, बंद पडलेल्या इन्व्हर्टरमध्ये. पॅनेलची क्षमता मोजतात २५ अंशांवर. मे महिन्यात तेच पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं. सिलिकॉनचं पॅनेल अंशामागे सुमारे ०.४ टक्के गमावतं, म्हणजे १६ टक्के तिथेच गेले. त्याला कुणाचा इलाज नाही.

धुळीला मात्र आहे. बापूच्या सौरपंपाच्या पॅनेलवर खालच्या कडेला मातीची बोटभर पट्टी जमते. पाणी ओघळून तिथेच वाळतं. पट्टी एवढीशी, पण सेल एका माळेत जोडलेले, त्यामुळे झाकलेली ओळ आपल्या जोडीदारांनाही अडवते. पंपाचं ठीक, फडकं मारलं की झालं. दुष्काळी तालुक्यात लाखो पॅनेल धुवायला पाणी कुठून आणायचं? कोरड्या सफाईच्या यंत्रांवर खर्च करायला हवा तो इथे, असं माझं ठाम मत आहे.

अण्णा मागे हटले नाहीत. "संध्याकाळी सातला दिवे लागतात, तेव्हा तुमचा पीआर काय कामाचा?"

त्यावर मास्तरही थांबले. बॅटरी नाही तोवर एकलहरे लागणारच, हे त्यांनी मान्य केलं. बापू म्हणाला, "मला दिवसा वीज द्या, रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जायचं वाचेल."

"देऊ दे ना," अण्णा म्हणाले. "पण मग उद्घाटनाच्या फलकावर नुसते मेगावॉट नकोत. दर महिन्याचे युनिट आणि पीआरसुद्धा लावा."

याला मात्र कुणाचाच विरोध नव्हता.