लेंडीला भाव, लोकर फुकट

इंदुरात राहून कच्ची लोकर विकत घ्यायचं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी अभिनंदन. म्हणजे क्रोशा झाला, मण्यांची तोरणं झाली, बाटल्या रंगवून झाल्या आणि आता तुम्हाला थेट मेंढीपासून सुरुवात करायची आहे. स्वतः धुवायची, पिंजायची, टकळीवर कातायची आणि डिसेंबरात नातवाच्या डोक्यावर टोपडं चढवायचं. छानच. मी या वाटेनं जाऊन आले आहे, तेव्हा सल्ला द्यायचा हक्क माझा.

सुरुवात बाजारापासून करा. दुकानात शिरून ठणठणीत मराठीत ‘लोकर’ मागा. दुकानदार म्हणेल, “लॉकर तो बैंक में मिलेगा, आंटी.” मग हिंदीत ‘ऊन’ मागा. (जन्म इथे गेला, तरी भर मे महिन्यात कुणाकडे ऊन मागायचं म्हणजे माझी जीभ अडखळते.) तो रंगीबेरंगी गुंडे पुढ्यात ओतेल आणि सगळं भेड़ का ही है म्हणून शपथ घेईल. अशा वेळी माणसावर विश्वास ठेवावा. काडी ओढून धागा पेटवून बघू नये. मी बघितला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेलं बोटांत चुरडलं की त्याची भुकटी होते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. माझ्या हाती मणी आला. तो मी दुकानदाराला दाखवला. आता साडीला फॉल लावायलासुद्धा मला दोन गल्ल्या पुढे जावं लागतं.

त्यापेक्षा घरबसल्या ऑस्ट्रेलियाची मेरिनो मागवा. धुतलेली, पिंजलेली, पांढरेशुभ्र पेळू करून आलेली. १०० ग्रॅमचे ४५० रुपये मी एका बोटानं भरले, भाव न करता. पाकिटावर ‘निसर्गाच्या जवळ’ असं छापलेलं होतं. किती जवळ, ते नकाशात मोजायचं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, इथली लोकर का नको? प्रश्न रास्त आहे आणि आपल्या गावात तर जरा लाजिरवाणाही. मल्हारराव होळकर धनगराच्या पोटी जन्मले, होळ गावचे म्हणून होळकर. लहानपणी खानदेशात तळोद्याला मामाच्या मेंढ्या राखत, असं सांगतात. त्यांच्या घराण्याची राजधानी ती हीच. राजवाड्यासमोर उभं राहून दहा जणांना विचारा, मेंढीची लोकर कुठे मिळेल? नऊ जण चप्पल-जोड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवतील, दहावा तुम्हाला पोहे खायला नेईल.

लोकर मात्र दर वर्षी आपल्या पायांनी माळव्यात येते. पावसाळा सरला की मारवाडातले रायका मेंढपाळ शेकडो मेंढ्या घेऊन उतरतात. लाल पागोटी, मागून उंट, उंटांवर खाटा, हंडे आणि चालू न शकणारी कोकरं. उंटावरून शेळ्या हाकणं आपण म्हणीत ऐकलेलं असतं; इथे उंट, शेळ्या आणि हाकणारा तिन्ही खरे असतात आणि शहाणपण मोटारीत बसलेल्याच्या वाट्याला येतं. आपण काच वर करतो, हॉर्न वाजवतो आणि कळप रस्ता ओलांडेपर्यंत मोबाइलवर मेरिनोचे भाव बघतो.

तरीही या मेंढपाळांच्या डेऱ्यावर जायचंच असेल, तर माझ्यासारखं जा: इस्त्रीची सुती साडी, कापडी पिशवी, आणि ‘आपल्या परंपरागत कारागिरांना हातभार’ असा चेहरा. धार रस्त्याला बेटम्याच्या पुढे एका शेतात डेरा होता. आमचे हे गाडीतून उतरलेच नाहीत; वास गाडीत आला तेवढा पुरे, म्हणाले. शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. म्हणजे रात्री कळप शेतात ठेवायचा, लेंड्या-मूत जमिनीत मुरतं आणि त्या खताबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य नाही तर पैसे देतो. म्हातारबाबांनी हे सगळं उत्साहानं सांगितलं. लोकरीचं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. जाड लोकर, गालिच्याची. कातरणाऱ्याची मजुरी निघाली तरी नशीब. मग म्हणाले, “आप इसका करोगे क्या?”

मी म्हटलं, “कला.”

ते खूप वेळ हसले. मग बायकोला बोलावून तिलाही सांगितलं. तीही हसली. दोघांनी मला चहा दिला.

पडवीसारख्या ताडपत्रीखाली दोरीनं बांधलेला भारा होता. मी हात घातला तर बोटं तुपात बुडवल्यासारखी चिकट झाली. हीच ती लॅनोलिन, मेंढीच्या कातडीतून पाझरणारी चरबी. औषधाच्या दुकानात तिची बोटभर ट्यूब आपण भेगांना लावायला घेतो. घरी येईपर्यंत माझे तळवे असे मऊ झाले होते, जसे लग्नानंतर कधी झाले नव्हते. चार-एक किलोच्या भाऱ्याचे बाबांनी १०० रुपये सांगितले. मी ६० वर आणले. व्यवहार म्हणजे व्यवहार. पुन्हा वर “थोडी अजून घाला” असंही म्हटलं, भाजीवालीकडे कोथिंबीर मागतात तसं.

निवडताना फार चिकित्सा करू नका. काही खवट लोक भारा उलगडून पसरतात, पोटाखालची, पायांची, शेपटीकडची लेंड्यांनी मढलेली कड काढून टाकतात. एक बट दोन्ही टोकांना धरून कानाशी झटकन ताणतात. स्वच्छ टणत्कार झाला तर धागा घट्ट, कुरकुर वाजलं तर तुटका. कळपाची खूण म्हणून मेंढीच्या पाठीवर मारलेला रंगाचा पट्टा असेल तर तेवढी लोकर कापून बाजूला करतात, कारण तो रंग धुऊन जात नाही. तुम्ही हे काहीच करू नका. सगळं तसंच पोत्यात भरा. गोखरू, कुसळं, गोचीड, लेंड्या. ६० रुपयांत आणखी काय काय येणार?

घरात पोतं आणताना सासूबाईंना आधी सांगू नका. आमच्या आईंकडे श्राद्धाच्या स्वयंपाकाला नेसायची धाबळी आहे. लोकरीची, म्हणून सोवळ्याची. तिला विटाळ नाही. त्यांनी पोत्यात डोकावून बघितलं आणि नाकाला पदर लावला. मी म्हटलं, “आई, तुमची धाबळी अशीच होती हो आधी.” त्या दिवसापासून धाबळी कपाटाच्या तळाशी आहे आणि माझ्याशी बोलणं कामापुरतं.

धुण्याबद्दल मात्र नीट ऐका. लोकरीत चिकाटीनं काम करणारे पाणी ६० अंशांच्या आसपास तापवतात, पातळ साबण घालतात, लोकर जाळीच्या पिशवीतून नुसती बुडवून वीस मिनिटं ठेवतात, ढवळत नाहीत, आणि पाणी कोमट व्हायच्या आत काढून तेवढ्याच गरम दुसऱ्या पाण्यात घालतात. निवलं की सुटलेली चरबी पुन्हा लोकरीलाच जाऊन बसते. असल्या नाजूक लाडांच्या नादी लागू नका. सरळ मशीनमध्ये घाला, गरम पाणी सोडा, जोरात फिरवा आणि लगेच गार नळाखाली धरा. लोकरीच्या केसावर खवले असतात, ते एकमेकांत असे अडकतात की सुटायचं नाव नाही. काश्मिरात याचाच नमदा करतात, पण ते मुद्दाम. तुम्हाला मशीनच्या ड्रमच्या मापाचा मिळेल, मधोमध भोक असलेला.

पाण्याची काळजी नको. जलूदहून ७० किलोमीटर घाट चढवून आणलेली नर्मदा नळाला येते ती शेवटी कशासाठी? लेंड्या धुवायलाच. चौथ्या पाण्यानंतर आमच्या न्हाणीघराचा पाइप तुंबला. प्लंबरनं जाळी उचकटून आत बोट घातलं, वास घेतला आणि विचारलं, “आंटी, घी डाला था क्या?” त्यानं ४०० रुपये घेतले. त्याच्याशी मी भाव केला नाही. त्याच्या हातात पाना होता.

कडेची घाणेरडी लोकर कचरागाडीत द्यायची म्हटलं तर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणारं गाव आपलं. सहा कप्पे, सहा प्रकारचा कचरा. गाडीवाल्यानं पिशवी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ओला म्हणावा तर लोकर, सुका म्हणावा तर लेंडी. शेवटी घातक कचऱ्याच्या कप्प्याकडे त्याचा हात गेला आणि मी अपमान सहन न होऊन पिशवी परत आणली.

पहिल्या मूठभर लोकरीचं टोपडं मात्र झालं. गालिच्याची लोकर बाळाच्या कपाळाला कशी लागते, हे तुम्हीही करून बघा. आमच्या नातवाचा पहिला शब्द ‘आई’ नाही, ‘आजी’ नाही, ‘काढ’ आहे. बाकीचं पोतं गच्चीवर आहे. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच, फक्त घोंगडं व्हायच्या आधीचं.

परत आणलेल्या पिशवीतल्या लेंड्या मी वेचून तुळशीला घातल्या. तुळस दोन महिन्यांत कमरेएवढी झाली. शेजारची नवी सून परवा कठड्यावरून वाकून विचारत होती, “काकू, हे खत कुठून आणलंत? ऑर्गॅनिक आहे ना?”

मी ४० रुपये किलो सांगितलं. तिनं भाव केला नाही.